पहिल्या हाकंला ओ

"गोजरआक्काऽ... गोजरआक्काऽ... ए गोजरआक्का, हाईस का गेलीस?"

"गेले आसते तर ओ दिली आसती व्हय गं, भवाने? थांब जरा. कडी निघंना."

"पयल्या हाकंला ओ दिली आसतीस तर आत्तापतूर पट्टा बांदून झाला आसता. पाय भाजायलेत माजे हितं."

"भाजू देत. पयल्या हाकंला ओ देनारी आमची सासू हुती. सूप घिऊन दारात बसली हुती. भाईरनं कुनीतरी म्हनलं यल्लव्वा, ही म्हनली ओ. भाईर कुनीबी नव्हतं. सुपातलं दानं निवडायचं ऱ्हायलं ते ऱ्हायलंच."

"किती येळा सांगशील? बस हितं. हात सरळ धर. आन् आता बोलू नगं, बोललीस की आकडा चढतोय."

"मगाधरनं तूच बोलायलीस की."

बसलेली ती गोजरबाई. सत्तरी कधीच मागं टाकलेली, एकटी, लेक करकंबला दिलेली. पट्टा बांधणारी तानाबाई. ती पन्नाशीची, रुंद हाडाची, गुडघ्यातनं गेलेली. सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एका संस्थेनं आमच्या वाडीत म्हाताऱ्यांसाठी काम सुरू केलं, ते काम म्हणजे तानाबाई. खांद्याला पिशवी, पिशवीत बीपीचं मशीन, गोळ्यांची पाकिटं आणि तंबाखूची डबी. डबी संस्थेची नव्हती.

आमची वाडी वळसंगच्या पुढं, अक्कलकोटच्या वाटंला लागलं की डाव्या हाताला. इथं निम्मी घरं कानडी बोलतात, निम्मी मराठी, आणि भांडताना दोन्ही. पण भ्यायची वेळ आली की सगळ्यांची भीती एकच. हाकामारी. ती दिसत नाही. ओळखीच्या माणसाचा आवाज घेते आणि दारातनं नाव घेऊन हाक मारते. एकदाच. लागोपाठ तीन हाका मारायची तिला ताकद नाही. तुम्ही ओ दिली की त्या ओ बरोबर आतलं सगळं बाहेर. म्हणून आमच्याकडं म्हातारी माणसं दोन हाका गिळतात आणि तिसरीला ओ देतात. तरणी पोरं मोबाइल वाजला की नंबर न बघता हॅलो म्हणतात, त्यांना कुणी उचलून नेत नाही, ही गोष्ट वेगळी.

तानाबाईला हे शिकवावं लागलं नाही. धनगराची लेक, धनगराची बायको. नवरा सिदू होता तोवर निम्मं आयुष्य मेंढरांमागं गेलं. ओढ्याच्या पल्याड गेलेला कळप ती अल्याडनं हाक मारून वळवायची. सिदू गेला, मेंढरं विकली, काठी तेवढी घरी राहिली आणि आवाज राहिला. संस्थेचे देवदत्त सर पहिल्यांदा वाडीत आले तेव्हा तानाबाई रानातल्या म्हशीला शिव्या देत होती. सर पारावर बसले होते. म्हणाले, "हा आवाज कुणाचा? त्यांना बोलवा." असं तिचं काम लागलं.

काम साधं. मंगळवारी समाजमंदिरात सगळी म्हातारी जमवायची. सतरंजी टाकायची, बीपी बघायचं, बोट टोचून साखर बघायची. मग हात वर, हात खाली, मान डावीकडं, मान उजवीकडं. बजाबाई नावाची एक तोंडाळ म्हातारी आहे. तिचं घर गोजरबाईला लागून, मधी एकच भिंत. ती व्यायामाला पहिल्या रांगेत बसायची आणि म्हणायची, "सारा जलम हात वर करून भांडले, तवा कुनी गोळी दिली न्हाय. आता म्हनत्यात, हात वर कर." सगळी हसायची. हसण्यानं बीपी उतरतं का चढतं, हे सरांनी कधी सांगितलं नाही.

बाकीच्या दिवशी तानाबाई निवडक घरं करायची. त्यात गोजरबाईचं घर रोजचं. दोन वर्षांमागं गोजरबाईचं तोंड एका बाजूला गेलं होतं. सोलापूरच्या डॉक्टरांनी वाचवलं आणि बजावलं, गोळी चुकली तर पुढच्या वेळी मी नाही. आता गोजरबाईचं एक होतं. घरात औषध साठवलं की दुखणं वस्तीला येतं, असं तिचं पक्कं मत. पाकीट घरात ठेवू द्यायची नाही. मग रोज तानाबाईनं जायचं, दारात उभं राहून तीन हाका मारायच्या, एक गोळी तळहातावर ठेवायची आणि ती गिळेपर्यंत उभं राहायचं. दुसऱ्याच्या हातची ती घेत नव्हती. बजाबाईच्या तर मुळीच नाही, कारण त्या दोघींचं एका कोंबडीवरनं फार जुनं होतं.

चैत सरला आणि ऊन तापलं. आमच्याकडचं ऊन वरनं पडत नाही, खालनं येतं. मंगळवारी सगळ्या वाडीला तीन-तीन हाका देत फिरायचं म्हणजे गुडघ्यांचा भुगा. तेव्हा तानाबाईच्या डोक्यात ते आलं. तिच्याच डोक्यात. सरांच्या नाही, कुणाच्या नाही.

"सर, देवळावर कर्णा हाय की. माजा आवाज त्यात भरा. बसल्या जागी सगळी येतील."

सर म्हणाले, "ताई, लोकांना चालेल का?"

"न चालायला काय झालं? तीन-तीन हाका मारते की मी."

देवळाची किल्ली सिद्धराम गुरवाकडं. गर्दी-गडबड नको म्हणून गाभाऱ्यात बसून आवाज भरला. सिद्धरामनं मोबाइल धरला, तानाबाईनं देवाकडं पाठ करून एकेका घराचं नाव घेतलं. गल्लीच्या तोंडाला हरिबाचं घर म्हणून पहिलं नाव त्याचं. हरिबाअन्ना, तीनदा. मग रोजच्या सवयीनं मधलं घर सोडून आधी गोजरआक्का, तीनदा. मग बजामावशी. असं शेवटच्या घरापर्यंत. गाभाऱ्यात नुसतं बोललं तरी आवाज मागनं फिरून कानावर येतो. संपल्यावर सिद्धरामनं वाजवून दाखवलं. तानाबाई ऐकत राहिली आणि म्हणाली, "ही मी व्हय? ही तर कुनीतरी इहिरीतनं बोलायलीया."

"आपला आवाज आपल्याला तसाच वाटतोय," सिद्धराम म्हणाला. "माजी आरती मला गाडवावानी वाटती."

"ती आमाला बी तशीच वाटती."

मोबाइलातलं ते बोटाएवढ्या पेनड्राइवमधी घातलं, पेनड्राइव देवळातल्या मशीनला लावलं. मंगळवारी सकाळी खटका दाबला की कर्ण्यातनं तानाबाई हाका मारायची आणि खरी तानाबाई समाजमंदिरात सतरंजी झटकत बसायची. पहिल्या मंगळवारी म्हातारी हसत आली. हरिबा तर दारातच वाकून म्हणाला, "ताने, तू हितं बी हायस आन् तितं बी. सिदूला दोन बायका पुरल्या आसत्या का गं?" हरिबा जुना मेंढका, छातीत सदा कफ, बोलला की आधी खरखर यायची आणि मग शब्द.

असे काही मंगळवार नीट गेले.

मग तो दिवस आला. मंगळवार नव्हता. सकाळपासनं लाईट नव्हती. सिद्धराम देवळाला कुलूप घालून वळसंगला बाजाराला गेलेला. पेनड्राइव काढायचं आदल्या दिवशी तो विसरला होता आणि खटका चालूच राहिला होता. भर दुपार. कुत्री ओट्याखाली, माणसं घराघरांत, गल्लीत चिटपाखरू नाही. तानाबाई घरी भाकरी खात बसली होती. शेंगाचटणीचा घास तोंडात होता आणि तिनं तिचाच आवाज ऐकला.

"हरिबाअन्नाऽ..."

एकदाच. मग गप.

लाईट आली आणि गेली, एवढंच झालं होतं. तिला ते पटकन कळलं. तिनं घास गिळला. थोड्या वेळानं परत.

"हरिबाअन्नाऽ..."

परत एकदाच. लाईट आली की मशीन पहिल्यापासनं सुरू व्हायचं. दुसरी हाक सुटायच्या आत लाईट जायची. दर खेपेला ती पहिलीच हाक.

तानाबाई उठली ती चप्पल न घालता पळाली. फुफाटा तव्यासारखा तापलेला. देवळाला कुलूप. तिनं कुलूप हिसडलं, दाराला लाथ घातली, आणि डोक्यावरनं कर्णा तिच्याच आवाजात तिसऱ्यांदा, चौथ्यांदा हरिबाला बोलवत राहिला. तेव्हा तिनं गल्लीकडं तोंड करून सगळ्या छातीनिशी बोंब ठोकली, "ओ देऊ नगाऽ! आयकू नगा कुनीऽ! ती मी न्हवं!"

आता ऐकणाऱ्याचं बघा. घरात अंधार करून पडलेलं माणूस. बाहेर ऊन. एक ताना म्हणतेय, हरिबाअन्ना. दुसरी ताना म्हणतेय, ती मी नव्हं. आवाज एकच. कुठली खरी?

मधी एकदा लाईट जरा टिकली. हरिबाच्या तीनही हाका लागोपाठ झाल्या आणि पुढची सुरू झाली.

"गोजरआक्काऽ..."

एकदा. आणि लाईट गेली ती दिवस मावळेपर्यंत आली नाही.

हरिबाच्या आणि गोजरबाईच्या मधलं घर बजाबाईचं. तिनं भिंतीतनं ऐकलं. हरिबाची ती खरखर आली आणि मग तो म्हणाला, "ओ." बजाबाई सांगते, मोठ्यानं नाही, कामातनं मान वर करून द्यावी तशी. तानाबाई पोचली तेव्हा दार उघडं होतं. हरिबा बाजेच्या कडेला बसल्या बसल्या मागं कलंडला होता. एक पाय चपलेत गेला होता, दुसरा चपलेवर टेकलेला होता.

देवदत्त सर मातीला आले. शहरातला माणूस, पण पाय अनवाणी ठेवून उभा होता. नंतर पारावर तानाबाईला म्हणाले, "ताई, त्यांचं हृदय आधीपासून थकलेलं होतं. त्यात ही उष्णता. तुमचा दोष नाही."

"मला ठाव हाय की वो, सर. मला नगा सांगू." तिनं गल्लीकडं हनुवटी केली. "तितं सांगा."

सरांनी सांगितलं. घरोघर जाऊन, ओट्यावर बसून, पाणी पिऊन सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. सर गेले आणि दारं लागली.

पुढच्या मंगळवारी तानाबाईनं सतरंजी टाकली आणि बीपीचं मशीन मांडलं. कुणी आलं नाही. ऊन दारातनं आत सरकत सतरंजीच्या कडेला आलं तेव्हा तिनं ती गुंडाळली. परत येताना बजाबाई खिडकीत दिसली. तेवढीच एक बोलली, तेही पदर तोंडाशी धरून.

"ताने, तुज्यावर राग न्हाय कुनाचा."

"मग आली का न्हाईस?"

"तू हाक मारलीस तर मी कशी वळकू, तू का ती? त्या दिशी लागोपाठ तीन बी मारल्या तिनं. तिनं तुजा गळा नेला की गं. देवाच्या घरात बसून तूच काडून दिलास. आता तुज्याकडं हाय त्यो उरलेला."

तानाबाईनं पिशवी या खांद्याची त्या खांद्यावर घेतली. "आन् गोजरआक्का?"

"तिला तर येक हाक लागून ऱ्हायलीया न्हवं? येक झालीया. ती म्हनते, दुसरी आन् तिसरी भाईर थांबल्यात. दार काय उगडायची न्हाय."

"गोळी?"

बजाबाईनं मान हलवली.

खरी अडचण ही होती, आणि तानाबाईला ती झोपेतनं उठवत होती. गोजरबाईच्या पोटात गोळी नव्हती. तानाबाई रोज सकाळी दारात उभी राहायची. तीन हाका मारायची. आत भांडं वाजायचं, पावलं वाजायची, आणि तिनं तोंड उघडलं की सगळं थांबायचं. जनावर वास आल्यावर थांबतं तसं. तिनं चार हाका मारून बघितल्या, मग पाच. तिनं जितक्या जास्त मारल्या तितकी आतली शांतता घट्ट होत गेली. सर येऊन हाक मारून गेले. करकंबच्या लेकीला फोन लावला, ती म्हणाली, उन्हाळी भुईमूग निघायलाय, दोन दिवसांत येते. बजाबाईनं कोंबडीचं भांडण गिळून खिडकीतनं गोळी पुढं केली, तर आतनं आवाज आला, "तानीनं दिली ना? नगं."

दार मोडावं असं सिद्धराम म्हणाला. बजाबाई म्हणाली, "मोडा की. दार पडायच्या आदी म्हातारी पडंल." तेही खरंच होतं.

दोन दिवसांनी बजाबाईनं भिंतीतनं ऐकून सांगितलं, "जीब जड झालीया तिची. देवाचं नाव घेतीया ते अर्दंच यायलंय."

त्या दुपारी तानाबाई गल्लीतनं चालली होती. काठी हातात, मेंढरांमागची जुनी. तोंड मिटलेलं होतं, हे ती आजही छाती ठोकून सांगते. तंबाखू होती तोंडात, ती बोलणार कशी? गल्ली मोकळी. माळवदांवरनं उन्हाच्या वाफा उठत होत्या आणि पलीकडचा लिंब त्या वाफांत हलत होता. वारा नव्हता. तिच्या पुढं, दहा-वीस पावलांवर, गोजरबाईच्या दाराशी, तानाबाईच्याच आवाजानं हाक मारली.

"गोजरआक्काऽ..."

इहिरीतला नाही, कर्ण्यातला नाही. साधा. ती सकाळी मारायची तसा, शेवट जरा ओढलेला.

दारात कुणी नव्हतं.

तानाबाई तशीच वळली आणि देवळात गेली. सिद्धराम सावलीत वाती वळत बसला होता.

"मशीन लावलंस?"

"कुटलं मशीन? वायर काडून ठिवलीया." त्यानं बंडीच्या खिशातनं पेनड्राइव काढून तिच्यापुढं धरलं. "ह्ये काय हितं. सरास्नी देनार हाय. मला खिशात बी नगं वाटतंय." मग तिच्या तोंडाकडं बघून म्हणाला, "काय झालं गं?"

"तू आयकलंस?"

सिद्धरामनं वात वळली. एक वळली, दुसरी वळली. "मला वाटलं तूच मारलीस," तो म्हणाला.

तानाबाई थुंकली, चूळ भरली आणि परत गोजरबाईच्या दाराशी आली. हाक मारली नाही. उंबऱ्याबाहेर, दाराला पाठ टेकून बसली, काठी मांडीवर घेतली. मेंढरांमागं अशी ती पुष्कळ बसलेली होती. बुजलेल्या मेंढीला हाक मारली तर ती आणखी लांब जाते. गप बसायचं, आपल्या अंगाचा वास तिच्यापर्यंत जाऊ द्यायचा.

ऊन कललं. तिची सावली दाराखालच्या फटीतनं आत गेली. आत पाय घासल्याचा आवाज आला, दारापर्यंत आला आणि थांबला. म्हातारी वाकून फटीतली सावली बघत असणार.

"क्वान हाय?" आतनं आलं. शब्द ओला, एका बाजूनं सांडलेला.

तानाबाई बोलली, पण नाव घेतलं नाही. नाव सोडूनच बोलली. "मी कोन ते तूच सांग. मी हाक मारत न्हाय. तू मार."

आतनं कडीला हात लागला आणि सुटला.

"तू मला हाक मार. येकदाच. मी पयल्या हाकंला ओ देते. काय व्हायचं ते मला व्हईल की, तुला कशानं? हाक मारनारं येगळं आन् ओ देनारं येगळं. तिला ओ देता येत न्हाय. आयकलंयस कदी, हाकामारीनं ओ दिल्याली?"

आत म्हातारीचा श्वास ऐकू येत होता. भिंतीपलीकडं बजाबाईचं पीठ मळणं थांबलं होतं.

"म... मरशील की गं," गोजरबाई म्हणाली.

"मग मरते. गुडघं तर सुटतील. मार हाक."

बजाबाई सांगते, तेवढ्यात गल्ली इतकी निपचित झाली की कोंबड्यांचं उकरणंसुद्धा बंद पडलं. मग आतनं आलं. वाकडं, पण आलं.

"ताने."

"ओ."

हाक पुरी व्हायच्या आत दिलेली ओ. पहिल्या हाकंला. तानाबाईच्या हयातीतली पहिली.

कडी निघायला वेळ लागला, कारण डावा हात चालत नव्हता. दार उघडलं तेव्हा गोजरबाई चौकटीला धरून उभी होती, ओठाची एक कड खाली आलेली. तिनं तानाबाईला डोक्यापासनं पायापर्यंत बघितलं, मग हात पुढं करून तिच्या दंडाला चिमटा घेतला. चांगला करकचून.

"आई गं! मास तोडतीस व्हय?"

"हाईस," गोजरबाई म्हणाली आणि तिथंच खाली बसली.

पट्टा बांधला. आकडा बघून तानाबाईनं तो कुणाला सांगितला नाही. सरांना फोन लावला. गाडी आली, गोजरबाईला सोलापूरला नेलं. ती गाडीत चढताना बजाबाईला म्हणाली, "माज्या कोंबड्या मोजून ठिवल्यात." त्यावरनं डॉक्टरांच्या आधी आम्हीच ओळखलं, म्हातारी जगती. करकंबची लेक दवाखान्यात पोचली, रडली आणि मग आईला शिव्या दिल्या. जीभ बऱ्यापैकी सुटली. डावा हात मात्र आता शोभेला आहे.

तेव्हापासनं वाडीत रीत उलटी झाली. तानाबाई हाक मारत नाही. दाराशी येऊन काठी दगडावर टेकवते. आतनं म्हातारं माणूस हाक मारतं, "ताने", आणि ही पहिल्या हाकंला ओ देते. मग दार उघडतं. मंगळवारी ती गल्लीच्या एका टोकापासनं दुसऱ्या टोकापर्यंत काठी वाजवत जाते आणि घराघरातनं तिच्या नावाच्या हाका येतात, आणि ती ओ, ओ करत जाते. सतरंजी परत भरली. देवदत्त सरांनी हे पहिल्यांदा बघितलं तेव्हा म्हणाले, "ताई, पण तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटतीया की," तानाबाई म्हणाली. "म्हनून तर लगीच देते. इचार केला तर दिली जायची न्हाय."

ह्यात एकच गोम आहे, आणि ती तिनं आधी धरली नव्हती. दिवसभर ओ द्यायची सवय जिभेला लागते. जीभ माणूस बघत नाही.

परवाची गोष्ट. सकाळची घरं उरकेना झाली, ऊन डोक्यावर आलं. हरिबाच्या घराला कुलूप आहे. त्याचा पुतण्या गुरु अक्कलकोटला असतो, तो आलेला नाही. कुलपावर धूळ, उंबऱ्यावर लिंबाचा पाला. त्या दाराशी तानाबाई काठी टेकवत नाही, पुढं बजाबाईच्या दाराशी टेकवते. ती तेवढ्याच अंदाजानं चालली होती. कुलपाच्या आतनं आधी कफाची ती खरखर आली.

"ताने."

"ओ."

गेली. तोंडातनं गेलीसुद्धा. ती उभी राहिली. कुलूप होतं तसं होतं, त्यावरची धूळही होती तशी होती. आत काही हललं नाही. बाहेरही नाही. तिनं एकदा छातीला हात लावून बघितला, आपलं मशीन चालू आहे का ते बघावं तसा. चालू होतं. नेहमीपेक्षा थोडं जोरात.

"दिली ती दिली," ती स्वतःशी म्हणाली आणि दोन पावलं पुढं होऊन बजाबाईच्या पायरीवर काठी टेकवली.

आतनं हाक आली नाही. दार तेवढं किलकिलं झालं आणि बजाबाईचा एक डोळा बाहेर आला.

"ताने, कुनाला ओ दिलीस गं आत्ता?"

"तुलाच की."

"मी आजून हाकच मारली न्हाय."

पलीकडं गोजरबाईच्या कोंबड्या कुरकुरत होत्या.

"मग मार आता," तानाबाई म्हणाली. "आन् लौकर मार. पाय भाजायलेत, फुडं आजून घरं हायत."

बजाबाईनं ओठ ओले केले. "ताने."

"ओ."

दार उघडलं. तानाबाई आत गेली, पिशवी उतरवली, मशीन काढलं आणि बजाबाईच्या सुकलेल्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"हात सरळ धर," ती म्हणाली. "आन् आता बोलू नगं."